विरोधकाची खुर्ची



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते शाळामास्तर होते. गावच्या पंचायतीत निवडून गेले तेव्हा बहुतेक ठरावांवर ते एकटेच विरोधात हात वर करत, असे संयोजकांनी मला पत्रात कळवले. अशा माणसाच्या नावाने बोलताना सर्वसंमतीचे गोडवे गाणे बरे दिसणार नाही. म्हणून आज भांडण हाच विषय घेतला आहे. घरातले नव्हे, भावकीतले नव्हे, राजकारणातले.

सुशिक्षित माणसाची राजकारणाबद्दल एक ठरलेली तक्रार असते: या लोकांनी भांडणे थांबवावीत आणि विकासाचे बघावे. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण विकास कशाला म्हणायचे, यावरच तर भांडण असते. धरणाचे पाणी उसाला सोडायचे की शहराच्या टाकीत, महामार्गाला कोणाची जमीन घ्यायची आणि कोणत्या दराने, गायरानावर घरे बांधून राहिलेल्यांना उठवायचे की जागा त्यांच्या नावे करून द्यायची, या प्रश्नांना दोन बाजू आहेत आणि दोन्ही बाजूंना पोट आहे. असे निर्णय एकमताने झाले असतील तर एवढेच समजावे, की ज्याचे नुकसान झाले त्याला बैठकीचे बोलावणे गेले नव्हते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. लोकशाहीत विरोध मिटत नसतो आणि तो मिटवण्याच्या भरीस पडूही नये. मात्र आज हरलेल्या माणसाला उद्या पुन्हा उभे राहता येईल, आपले म्हणणे नोंदवता येईल, अशी जागा राखून ठेवावी लागते. ती जागा कशी तयार होते आणि कशी जाते, हे काही घटनांवरून सांगतो. त्यातली गोव्याची घटना जरा सविस्तर सांगणार आहे. महाराष्ट्रात आपण ती सोयीस्करपणे विसरलो आहोत, कारण त्या प्रसंगी आपली बाजू हरली होती.

सुरुवात गावापासून करू. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की देवळाच्या सभामंडपात बैठक बसते. ‘कशाला खर्चात पडायचं, बिनविरोध करून टाकू,’ असे कोणीतरी वजनदार माणूस म्हणतो. मग अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी तहसील कचेरीच्या आवारात गाड्या लागतात. एखादा तरुण, एखादी बाई अजून हटून बसलेली असते. तिच्या नवऱ्याला बाजूला घेतले जाते, दिराला फोन जातो, सोसायटीच्या थकलेल्या कर्जाची आठवण करून दिली जाते. तीनच्या आत सही होते. संध्याकाळी गुलाल उडतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, की अमुक गावाने आदर्श घालून दिला. काही आमदार तर बिनविरोध गावाला विकासकामांसाठी लाखोंचा निधी जाहीर करतात.

गावाची बाजू खोटी आहे असे मी म्हणत नाही. निवडणुकीतली खुन्नस पाच वर्षे पुरते, एकमेकांच्या लग्नाला जाणे बंद होते, आणि खर्चापायी पडलेला उमेदवार काय, निवडून आलेला काय, दोघेही कर्जात जातात. २००७ मध्ये सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधाचा, वाटेचा तंटा सामोपचाराने मिटून वकिलाचे पैसे वाचत असतील तर कोणाची हरकत असणार? पण बांधाचा तंटा आणि निवडणूक या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत. बांध कुठे आहे हे मोजणीने ठरते. सरपंच कोण हेही मोजणीनेच ठरवायचे तर मते मोजावी लागतात, आणि मते मोजायची तर समोर दुसरा माणूस उभा असावा लागतो.

बिनविरोधाच्या पोटात काय असू शकते ते जानेवारी २०२१ मध्ये उघड्यावर आले. नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. कारण पदांचा चक्क लिलाव झाला होता. उमराण्यात बोली दोन कोटी रुपयांच्या वर गेली; पैसा देवळाच्या कामाला जाणार होता. देवळाला माझी ना नाही. पण ज्याच्याकडे दोन कोटी नाहीत त्याचा विरोध त्या गावात कोणत्या खात्यावर मांडायचा? बोलीला बसलेल्यांमध्ये तर पूर्ण एकमत होते.

कागदावरचे असे एकमत आपल्याला नवे नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. झाले. दप्तरात विरोध उरला नाही. तळ्यावर मात्र तीन वर्षांत काहीही बदलले नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो माणसे तळ्यावर गेली, पाणी प्यायली, आणि मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठून परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. म्हणजे विरोध होताच. १९२४ च्या ठरावाने तो झाकला होता आणि ओंजळभर पाण्याने तो उघडा पडला. महाडची शांतता बिघडवली असा ठपका तेव्हा सत्याग्रहींवर ठेवला गेला. त्या शांततेची किंमत कोण मोजत होते, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

मला त्याच वर्षातली पुढची घटना अधिक मोलाची वाटते. डिसेंबरात परिषद पुन्हा महाडला भरली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. याहून टोकाचा विरोध दुसरा कोणता? आणि तरीही तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम डॉ. आंबेडकरांनी लांबणीवर टाकला, कारण प्रतिपक्षाने दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. घरदार सोडून सत्याग्रहासाठी आलेल्या माणसांच्या गळी हे उतरवणे काय सोपे असेल? खटला दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. धर्मग्रंथ जाळणारा माणूस मनाईहुकूम पाळतो, यात ज्यांना विसंगती दिसते त्यांना ती लढाईच कळली नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी घटना समितीला सांगितले की रक्तपाताबरोबर कायदेभंग आणि सत्याग्रहही आता बाजूला ठेवा. मोर्चेकऱ्यांना गप्प करायला हे भाषण आजही वापरले जाते. त्यातली अट मात्र गाळतात: सनदशीर मार्ग उघडे असतील तर. मार्ग उघडा आहे की नाही, हे दाराला आतून कडी लावून बसलेल्याने सांगायचे नसते.

युरोपात या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्याचा थोडक्यात उल्लेख करतो. जर्मन कायदेपंडित कार्ल श्मिट यांनी १९२० च्या दशकात मांडले, की मित्र कोण आणि शत्रू कोण हे ठरवणे हेच राजकारणाचे मर्म. हे गृहस्थ १९३३ मध्ये नाझी पक्षात गेले, त्यामुळे त्यांचे नाव घेतानाही माणूस चाचरतो. पण बेल्जियन विदुषी शांताल मूफ यांनी त्यांचेच निदान घेतले आणि औषध बदलले. शत्रूचा प्रतिस्पर्धी करता येतो, असे त्या म्हणतात: त्याचे विचार हाणून पाडायचे, ते मांडण्याचा त्याचा हक्क मात्र मानायचा. सगळे पक्ष मधल्या वाटेवर गोळा झाले आणि त्यांच्यात फरकच उरला नाही, की ज्यांचे दुःख त्या वाटेवर मावत नाही ती माणसे आगलाव्या पुढाऱ्याच्या मागे जातात, हे त्यांनी युरोपातल्या कडव्या उजव्या पक्षांच्या वाढीवरून दाखवले. हे मला पटते. माझी तक्रार एकच. शत्रूचा प्रतिस्पर्धी नेमका कशाने होतो, कोणत्या नियमाने, कोणाच्या कोणत्या कृतीने, हे त्या फारसे सांगत नाहीत. ते बघायला आपल्याच इतिहासात यावे लागते.

२१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबई विधानसभेवर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला. फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि पंधरा माणसे गेली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली तेव्हा शहर पेटले, पुन्हा गोळ्या चालल्या. या आंदोलनाचे १०६ हुतात्मे आपण मोजतो. आता दोन वर्षांनंतरचा एक दिवस पाहा, ३० नोव्हेंबर १९५७. पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणाला यायचे होते. संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांची हाक दिली. भाकऱ्या बांधून गावोगावची माणसे वाईकडे निघाली आणि पसरणी घाटाच्या रस्त्याला कडेने उभी राहिली. पंतप्रधानांची गाडी त्या गर्दीतून वर गेली. गोळीबार झाला नाही.

दोन वर्षांत काय बदलले होते? माणसे तीच होती, मागणी तीच होती. राग उलट वाढलेला होता. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ रोज सकाळी सरकारची सालटी काढत होता, आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांबद्दल त्यात जे छापून येई त्यातले बरेचसे मी या व्यासपीठावरून वाचून दाखवू शकणार नाही. मधल्या काळात एकच मोठी गोष्ट घडली होती, ती म्हणजे १९५७ ची निवडणूक. शेकाप, प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, एवढेच काय हिंदू महासभा आणि जनसंघ, अशी मोट बांधून समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली होती. एस. एम. जोशी विधानसभेत होते, डांगे लोकसभेत. काल ज्याच्यावर गोळी झाडली जात होती तो आज सभागृहात समोरच्या बाकावर बसत होता. सरकारला ठाऊक होते की याच्याशी उद्या सकाळी प्रश्नोत्तराच्या तासाला गाठ आहे. समितीलाही ठाऊक होते की घाटात एक दगड पडला तर निवडणुकीत कमावलेले सारे जाईल. यशवंतरावांचा संयम आणि एस. एम. यांचा सचोटीचा दरारा याला मी कमी लेखत नाही. पण अशा माणसांना एकमेकांसमोर बसायला सभागृह होते म्हणून तो संयम कामी आला. १ मे १९६० ला राज्य झाले, तेही ज्यांच्याविरुद्ध काळी निशाणे नाचली त्यांच्याच हातून. बेळगाव राहिले ते राहिलेच.

आता गोवा.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये तिथे विधानसभेची पहिली निवडणूक झाली. देशभर काँग्रेसचा दबदबा असताना खुद्द गोव्यात तिला एकही जागा मिळाली नाही. सामना दोन स्थानिक पक्षांत होता. दयानंद बांदोडकर, म्हणजे भाऊसाहेब, यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, निशाणी सिंह, मागणी महाराष्ट्रात विलीनीकरण. आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोअन्स पक्ष, निशाणी हात, मागणी वेगळा गोवा. मगोपचे सरकार आले.

वरवर पाहता भांडण मराठी की कोंकणी, हिंदू की ख्रिस्ती असे होते. खाली जमीन होती. मगोपच्या मागे उभा राहिला तो कूळ आणि मुंडकार. दुसऱ्याच्या भाटात घर, दुसऱ्याच्या शेतात राबणे आणि भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, ऊठ म्हटले की उठणे, असे ज्याचे जगणे, त्याला महाराष्ट्राची ओढ होती ती संतवाणीमुळे होती, मराठी शाळेमुळे होती आणि सह्याद्रीपलीकडे कुळकायदा आहे या बातमीमुळेही होती. समोरच्या बाजूला ख्रिस्ती भाटकार होते तसे सारस्वत भाटकारही होते. शिवाय हजारो साधी ख्रिस्ती माणसे होती, ज्यांना एवढ्या मोठ्या राज्यात आपण मुठीएवढे होऊ अशी भीती वाटत होती. ती भीती खोटी होती असे आज कोण म्हणेल?

मगोपचे म्हणणे सरळ होते. आम्ही विलीनीकरणाच्या मुद्द्यावर निवडून आलो, विधानसभेचा ठराव पुरे. सिक्वेरा म्हणत, सरकार निवडणे वेगळे आणि मुलूख कायमचा दुसऱ्या राज्यात घालणे वेगळे. सरकार पाच वर्षांनी बदलता येते, हा निर्णय बदलता येणार नाही, म्हणून लोकांना थेट विचारा. मी महाराष्ट्राचा असून सांगतो, युक्तिवाद सिक्वेरांचा सरस होता. दिल्लीने वर्षानुवर्षे चालढकल करून अखेर तो मानला आणि डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. भारतात एखाद्या प्रदेशाने शेजारच्या राज्यात जावे की नाही, हे अशा थेट मतदानाने ठरण्याचा प्रसंग त्यानंतर सिक्कीमचा अपवाद सोडला तर आठवत नाही, आणि सिक्कीमचा प्रश्न राज्यात जाण्याचा नव्हता, देशात येण्याचा होता.

पुढे विरोधकांनी आणखी एक मागणी लावून धरली. बांदोडकर मुख्यमंत्रिपदावर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, त्यांनी आधी पायउतार व्हावे. आणि भाऊसाहेबांनी राजीनामा दिला. राष्ट्रपती राजवट लागली. जिंकण्याची खात्री होती म्हणून दिला असे कोणी म्हणतात. असेल. खात्री असूनही खुर्ची न सोडणारे आपण काय कमी पाहिले आहेत?

प्रचार गोड नव्हता. मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती: फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित गोवा. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा आहे, तिकडे गेलात तर माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराने काय खायचे, असे पानवाले विचारत. नोकऱ्या घाटावरचे येऊन बळकावतील असे सांगत, आणि ‘घाटी’ हा शब्द कसा उच्चारला जाई ते सांगायला नको. फुलवाले ख्रिस्ती माणसाच्या देशनिष्ठेवर बोट ठेवत आणि म्हणत, वेगळेपणाचा हा सगळा पुळका भाटकाराची भाटे राखण्यासाठी आहे. दोन्हीकडच्या विखारात थोडे थोडे खरे होते, म्हणून तर ते लागत होते.

या धामधुमीतली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत धारदार लेखन मडगावच्या ‘राष्ट्रमत’ दैनिकातून होत होते. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातलेच. आणि ‘राष्ट्रमत’ निघत होते मराठीत. ज्या हिंदू वाचकाचे मन वळवायचे होते तो मराठी वाचणारा होता, त्यामुळे मराठी राज्यात जाऊ नकोस हे त्याला मराठीतूनच सांगावे लागले. पणजीचा ‘गोमन्तक’ विलीनीकरणाची बाजू त्याच मराठीतून मांडत होता. दोघांनाही एकच वाचक पटवायचा होता. आपापल्या माणसांना खूश करणारे लिहून भागणार नव्हते. पलीकडच्याला पटेल असा मुद्दा शोधावा लागत होता. आजच्या राजकीय लेखनात नेमकी हीच मेहनत दिसत नाही.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. गोव्यात तेव्हा दहातली साधारण सहा माणसे हिंदू होती, तेव्हा हा निकाल एकट्या ख्रिस्ती मतांवर लागलेला नाही हे उघड आहे. महाराष्ट्रातले सत्ताधारी आणि विरोधक या एका प्रश्नावर एक होते, संयुक्त महाराष्ट्राचे वारे अजून अंगात होते, आणि आपण हरलो.

पुढचे ऐका. मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. तीसपैकी सोळा जागा मगोपला मिळाल्या, युनायटेड गोअन्सला बारा. कौल हरलेले भाऊसाहेब एप्रिलमध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि ऑगस्ट १९७३ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. फुलावर शिक्का मारणारी ४४ टक्के माणसे कौल लागल्यावर कुठे नाहीशी झाली नव्हती. आपल्या कुळाच्या हक्कासह, शाळांच्या मागणीसह ती मतदारसंघात तशीच होती, आणि दोन महिन्यांत त्यांना दुसऱ्या मतपेटीपाशी उभे राहता आले. विलीनीकरण हरले, कूळ हरले नाही. जिंकलेल्या सिक्वेरांनाही पुढची पाच वर्षे विरोधी बाकावर बसावे लागले, आणि ते बसले. कौल अमान्य करून कोणी गोवा पेटवला नाही, यामागे मला गोमंतकीयांच्या सोशिक स्वभावापेक्षा हे वेळापत्रक अधिक दिसते.

पुढचा काळ काही गोडीगुलाबीचा नव्हता. १९८६ च्या डिसेंबरात भाषेच्या आंदोलनात माणसे मेली. १९८७ मध्ये कोंकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली, आणि ३० मे १९८७ ला गोवा घटकराज्य बनले. मराठीवाद्यांची सल आजही आहे, रोमी लिपीवाल्यांची वेगळीच. १६ जानेवारीला गोव्यात अस्मिताय दिस साजरा होतो, तेव्हा जुन्या मगोपवाल्या घरांत उत्साह नसतो, आणि तो असावा असा आग्रह धरण्याचे कारणही नाही.

आता आपल्याकडे वळतो, आणि इथे मला थोडे कडक बोलावे लागेल. महाराष्ट्रात भांडणे फार झाली आहेत, असे सगळे म्हणतात. मला तर वाटते आरडाओरडा वाढला आहे आणि विरोध आटला आहे. रात्री नऊ वाजता कोणतेही चॅनेल लावा. कोणी कोणाला गद्दार म्हटले, कोणी कोणाच्या बापाचा उद्धार केला, यावर तासभर कल्ला होतो; सोयाबीनच्या भावावर दोन पक्षांत नेमका काय मतभेद आहे ते त्या तासात कळत नाही. २०१९ पासून या राज्यात कोण कोणाबरोबर बसले आणि कोण कोणाला सोडून गेले, याची उजळणी करत नाही, तुम्हाला ती पाठ आहे. दोष एका पक्षाचा नाही. पण ज्याच्या विरोधात म्हणून आपण शिक्का मारला, बटण दाबले, त्याच्याच मांडीला मांडी लावून आपला आमदार बसला, असा अनुभव एवढ्या मतदारांना आला की विरोधात मत देता येते यावरचा त्यांचा विश्वासच उडाला. आणि ज्याचा हा विश्वास उडतो तो घरी शांत बसतो असे समजू नका.

जागा कशा जातात ते पाहा. लोकसभेत २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता. एक दशांश जागा हव्यात असा संकेत पुढे केला गेला. विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचा १९७७ चा कायदा उघडून बघा. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्य केलेला नेता, एवढीच त्यात व्याख्या आहे. दशांशाचा उल्लेख नाही. आपल्या विधानसभेतही २०२४ च्या निवडणुकीनंतर २८८ च्या सभागृहात विरोधातल्या एकाही पक्षाला दशांश जागा नव्हत्या, आणि तोच संकेत दाखवून ती खुर्ची रिकामी ठेवली गेली. मोठ्या बहुमताने निवडून आलेल्या सरकारला त्या एका खुर्चीने काय धोका होता? संकेत मोडूनही ती देता आली असती. द्यायला हवी होती.

महापालिकांचे त्याहून वाईट झाले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुण्या-नाशिकचीही त्याच सुमारास. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता. प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, कोर्टातले खटले, कारणे कोणती ती सर्वांना ठाऊक आहेत. एवढ्या काळात देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचे अंदाजपत्रक वर्षामागून वर्ष मांडले गेले आणि त्यावर ‘माझ्या वॉर्डातल्या नाल्याला पैसे का नाहीत’ असे ओरडायला सभागृहात २२७ पैकी एकही नगरसेवक नव्हता. स्थायी समितीत काय चालायचे ते मला माहीत आहे, टक्केवारीच्या कहाण्या मीही ऐकल्या आहेत. तरीही तिथे विरोधी पक्षाचा एखादा नगरसेवक कंत्राटाच्या कागदावर आडवा पडू शकत होता. प्रशासकाच्या दालनात आडवे पडायला जागा नाही. कारभार सुरळीत चालला असे काही लोक सांगतात. चालला असेल, विचारणारे कोणी नसले की सगळेच सुरळीत चालते.

मोठ्या सभागृहांतले आपल्या हाती फारसे नाही. गावातले आहे. इथे बसलेल्यांपैकी पुष्कळजण आजूबाजूच्या गावांतून आला आहात, काहीजण पंचायतीचे सदस्य आहात, म्हणून एक विनंती करतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. कोरम भरो न भरो, प्रोसिडिंगवर ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहून सह्या घेतल्या जातात हे तुम्हालाही माहीत आहे आणि ग्रामसेवकालाही. येत्या सभेत एखाद्या ठरावाला कोणी विरोध केला तर त्याचे म्हणणे आणि त्याचे नाव प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा. तो तुमच्या विरोधी गटाचा असला तर जास्तच आग्रहाने लावा. आणि पुढच्या निवडणुकीत अर्ज मागे घ्यायच्या दिवशी तुमच्या गावातली एखादी बाई हटून बसली, तर तिच्या नवऱ्याला बाजूला घेणाऱ्यांत तुम्ही असू नका.